प्रकाशाचे यंत्र शिबिरात नको, कॅन्सर रुग्णालयात हवे

क्ष-किरण नाहीत, दुखत नाही, दहा मिनिटांत होते आणि थेट गावात होते. स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीबद्दल एवढ्या चार गोष्टी एका माहितीपत्रकावर छापल्या की जिल्हा नियोजनाचा निधी, आमदार निधी आणि साखर कारखान्याचा सीएसआर तिकडे वळायला वेळ लागत नाही. यंत्राची फीत कापता येते, सिस्टरच्या प्रशिक्षणाची कापता येत नाही. निअर-इन्फ्रारेड प्रकाशाने स्तनाच्या आत पाहणे ही भोंदूगिरी नव्हे, त्यामागे भक्कम भौतिकशास्त्र आहे. तरीही मराठवाड्यातल्या आरोग्य शिबिरांसाठी ही यंत्रे घेणे चूक आहे, असे आमचे मत आहे. या प्रकाशाचा उपयोग मोठ्या रुग्णालयात, केमोच्या वॉर्डात आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे.

आधी एक घोळ निस्तरू. इन्फ्रारेड म्हणून दोन अगदी वेगळी यंत्रे विकली जातात. एक असतो थर्मल कॅमेरा. तो 7 ते 14 मायक्रोमीटर लांबीच्या लहरी, म्हणजे त्वचेवरून बाहेर पडणारी उष्णता टिपतो. आत काहीच सोडत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध व उपकरण नियामकाने, 2017 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये जाहीर इशारा दिला की ही थर्मोग्राफी मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीची, जागा घेऊ शकत नाही. दुसरे यंत्र साधारण 650 ते 1000 नॅनोमीटरचा प्रकाश स्तनात सोडते आणि पलीकडे किंवा शेजारी किती बाहेर आला ते मोजते. हा लेख या दुसऱ्या यंत्राबद्दल आहे. खरेदी समितीने कोटेशन उघडण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: यंत्र प्रकाश आत सोडते, की बाहेरची उष्णता फक्त पाहते?

अंधारात तळहाताखाली टॉर्च धरली की हात लाल दिसतो. रक्त हिरवा-निळा प्रकाश गिळते, लाल आणि त्यापुढचा बराचसा जाऊ देते. त्यापुढच्या या पट्ट्यात ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. साधारण 800 नॅनोमीटरला दोघांचे शोषण सारखे होते. 757 च्या आसपास ऑक्सिजन नसलेल्या रक्ताचा ठळक उंचवटा दिसतो, 930 ला चरबीचा, 970 ला पाण्याचा. चार-पाच लहरींवर मोजमाप घेतले की रक्त, ऑक्सिजन, पाणी आणि चरबी यांचे प्रमाण वेगवेगळे काढता येते. कॅन्सरची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. त्यामुळे तिथले हिमोग्लोबिन शेजारच्या निरोगी भागाच्या दुपटीच्या घरात जाऊ शकते. यंत्र शोधते ती ही दुप्पट.

अडचण प्रकाश शोषला जाण्यात कमी आणि विखुरण्यात जास्त आहे. स्तनाच्या पेशीजालात शिरलेला फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, जेमतेम एका मिलिमीटरमध्ये आपली मूळ दिशा विसरतो. पुढचे कित्येक सेंटिमीटर तो भरकटत जातो. म्हणून मिळणारे चित्र धूसर असते आणि त्यातला बारकावा 5 ते 10 मिलिमीटरच्या खाली सहसा जात नाही. मॅमोग्राफी 0.1 मिलिमीटरपर्यंत पाहते. सुरुवातीच्या कॅन्सरची खूण असलेले कॅल्शियमचे बारीक ठिपके तिला दिसतात, प्रकाशाला ते दिसत नाहीत. हातात धरायच्या प्रोबमध्ये प्रकाश सोडणारे टोक आणि टिपणारे टोक यांत 4 सेंटिमीटर अंतर असेल, तर खोली मिळते फार तर 2 सेंटिमीटर. सडपातळ बाईच्या बाबतीत तेवढ्या खोलीवर छातीचा स्नायू येतो. स्नायू रक्ताने भरलेला असतो आणि पडद्यावर तोच गाठीसारखा उमटतो.

आता याचा अर्थ शिबिराच्या भाषेत लावू. दीड-दोन सेंटिमीटरची गाठ प्रशिक्षित सिस्टरच्या बोटांना लागते. अर्ध्या सेंटिमीटरची बोटांनाही लागत नाही आणि या प्रकाशालाही दिसत नाही. मग या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीसाठी यंत्र घ्यायचे का? तरुण, घट्ट स्तनांत मॅमोग्राफी कमी पडते आणि आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दशकभर आधी गाठतो, हे खरे आहे. तेवढ्यापुरता प्रकाशाचा मुद्दा वजनदार ठरतो. पण घट्ट स्तनाला सोनोग्राफी चालते, आणि गाठ घन आहे की पाण्याची हे ती तिथल्या तिथे सांगते.

ही कल्पना नवीही नाही. न्यूयॉर्कच्या मॅक्स कटलर यांनी 1929 मध्ये स्तनामागे दिवा धरून तपासणी केल्याचे प्रसिद्ध केले होते. 1980 च्या दशकात कॅमेरे आणि संगणक जोडून तीच पद्धत पुन्हा आली. मॅमोग्राफीशी तुलना झाली तेव्हा लहान गाठी निसटताना दिसल्या आणि उत्साह ओसरला. अमेरिकेने स्तनासाठीचे प्रकाशयंत्र सर्वांत कडक, म्हणजे तिसऱ्या वर्गात टाकले. त्यानंतर गणित सुधारले, लेसर स्वस्त झाले आणि मेगाहर्ट्झच्या वेगाने लुकलुकणारा प्रकाश वापरून शोषण व विखुरणे वेगळे करता येऊ लागले. शिबिरासाठी विकली जाणारी स्वस्त यंत्रे मात्र बहुधा साध्या स्थिर प्रकाशाची असतात. त्या पद्धतीत चमक कमी झाली ती प्रकाश शोषला गेल्यामुळे की विखुरल्यामुळे, हे सांगताच येत नाही.

शिबिरात काय बिघडते, ते जरा जवळून पाहू.

जागा बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली किंवा समाजमंदिर, वर पत्रे. एप्रिलमध्ये परभणी-नांदेडला दुपारी 42 अंश असते. लेसर डायोडची लहर दर अंशाला साधारण 0.3 नॅनोमीटरने सरकते. 25 अंशांवर जुळवलेले यंत्र 42 अंशांत चालवले, तर लहर 5 नॅनोमीटर हलली. 757 च्या उंचवट्याच्या कडेवर एवढे सरकणे ऑक्सिजनचा आकडा बिघडवायला पुरते. यंत्र चालू करून अर्धा तास तापू द्यावे लागते. लाइट गेली, इन्व्हर्टर उतरला, पुन्हा चालू केले, की तो अर्धा तास पुन्हा द्यायचा असतो. रांगेत साठ बायका उभ्या असताना तो कुणी देत नाही.

खिडकीतून येणाऱ्या उन्हात आणि पिवळ्या बल्बमध्ये निअर-इन्फ्रारेड भरपूर असते. एलईडी ट्यूबमध्ये ते फारसे नसते. डोळ्यांना ते दिसत नाही, म्हणून चालवणारीला खोली पुरेशी अंधारी वाटते आणि टिपणारा सेन्सर मात्र उजेडाने भरून गेलेला असतो. काळा पडदा लावला की झाले, असेही नाही. कित्येक काळी सिंथेटिक कापडे फक्त आपल्या डोळ्यांना काळी असतात. निअर-इन्फ्रारेड त्यांतून आरपार जाते. पडदा घेताना यंत्राच्याच सेन्सरवर तो तपासून घ्यावा.

मग हात. प्रोब जरा जोरात टेकवला की खालचे रक्त दाबाने बाजूला सरकते आणि काही सेकंदांत आकडा उतरतो. हलका टेकवला तर कडेने उजेड शिरतो. दाब सारखा ठेवणारी स्प्रिंग किंवा दाब मोजणारा सेन्सर नसेल, तर एकाच बाईची दोन मापे जुळत नाहीत. स्तनाग्राभोवतीचा गडद भाग प्रकाश जास्त गिळतो आणि तिथे खोटी सावली पडते. घाम आणि तेल पुसून घ्यावे लागते. मंगळसूत्र काढायला सांगू नये, पाठीवर टाकायला सांगावे. काळे मणी प्रोबखाली आले तर तेच पडद्यावर दिसतात. डावा-उजवा स्तन नोंदवतानाही चूक होते, कारण बाई समोर बसलेली असते. आणि दिवसाच्या सुरुवातीला व शेवटी टायटॅनियम डायऑक्साइड व शाई घातलेला सिलिकॉनचा ठोकळा मोजला पाहिजे. संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा सरकला असेल, तर मधली सगळी मापे संशयास्पद.

हे सगळे सांभाळले तरी रक्ताचा प्रश्न उरतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन मोजणारे यंत्र सुदृढ, गोऱ्या स्त्रियांच्या आकड्यांवर जुळवले असेल, तर 8 ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या बाईची गाठ त्या तक्त्यात 'नॉर्मल' ठरू शकते. त्वचेतल्या मेलॅनिनचा, म्हणजे तिला सावळेपणा देणाऱ्या रंगद्रव्याचा, परिणाम हा काल्पनिक धोका नाही. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो. 2020 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची लपलेली घट त्याने गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा चुकवल्याचे आढळले. मासिक पाळीनुसार स्तनातले रक्त आणि पाणी बदलते ते वेगळेच. यावर उपाय आहे: त्याच बाईच्या दुसऱ्या स्तनाच्या त्याच भागाशी तुलना करायची आणि पाळीचा दिवस लिहून ठेवायचा. विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे का, हे विचारावे. लाल-हिरवा दिवा दाखवून मोकळे होणारे यंत्र घेऊच नये.

समजा, हजार बायका तपासल्या आणि त्यांपैकी दोघींना खरोखर कॅन्सर आहे. यंत्र शंभरात 85 आजारी बरोबर ओळखते आणि शंभरात 85 निरोगीही बरोबर ओळखते, असे उदारपणे धरू. तरी 150 निरोगी बायकांना लाल दिवा लागेल, त्या दोघींसाठी. या दीडशे जणींची सोनोग्राफी कुठे करायची, कुणी करायची, गाडीभाडे कोण देणार? माहितीपत्रकात हे पान नसते.

खोटा लाल दिवा मराठवाड्यात विशेष महाग पडतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचे प्रकरण 2019 मध्ये विधिमंडळात गाजले, चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पाणी जाते म्हणून सोनोग्राफी आणि 'पुढे कॅन्सर होईल' एवढ्या धास्तीवर ऑपरेशन, अशा कहाण्या त्यातून पुढे आल्या. ज्या भागात कॅन्सरच्या नुसत्या भीतीने निरोगी अवयव गेले, तिथे दीडशे जणींच्या हातात लाल शिक्क्याचा कागद देणे, आणि पुढची वाट सरकारी रुग्णालयाकडे जाते की कोपऱ्यावरच्या खासगी दवाखान्याकडे हे नशिबावर सोडणे, हा बेजबाबदारपणा आहे.

प्रकाशयंत्र लोकांना का भावते, याचे एक सरळ कारण कायद्यात आहे. मॅमोग्राफीला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. सोनोग्राफीला गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा आहे, आणि मशीन नोंदणीच्या जागेबाहेर नेण्यावर कडक बंधने आहेत. 2012 च्या परळीतल्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानंतर बीडमध्ये या कायद्याबाबत कुणी सैल बोलणार नाही, बोलूही नये. प्रकाशाला यांपैकी काहीच लागू नाही. टेम्पोत टाका आणि चला. वैद्यकीय उपकरण म्हणून परवाना लागतो, पण परवाना म्हणजे यंत्र सुरक्षित आहे आणि सांगितलेले माप मोजते, इतकेच. त्यामुळे मृत्यू कमी होतात, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय लाल दिव्यानंतर सोनोग्राफी लागणारच. कायदा टाळून सुरू केलेला प्रवास शेवटी त्याच दारात येऊन थांबतो.

'काहीच नसण्यापेक्षा हे बरे,' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण काहीच नाही, हे गृहीतक चुकीचे आहे. मुंबईत टाटा मेमोरियलने 1998 पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे चालवलेल्या चाचणीत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. 2021 मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणारे रुग्ण 47 टक्क्यांवरून 37 टक्क्यांवर आले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीखाली मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. प्रकाशयंत्राच्या मागे असा एकही निकाल नाही.

आणि मराठवाड्याला नवे तंत्र झेपत नाही, असे कुणी समजू नये. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1 लाख 31 हजारांवर स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी झाली. एचपीव्ही या विषाणूच्या एका तपासणीने मृत्यू कमी होतात, हे 2009 मध्ये जगाला या गावांनी दाखवून दिले. तिथे तपासणीच्या मागे कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून पाहणे), उपचार आणि बार्शीचे कॅन्सर रुग्णालय उभे होते. साखळी आधी बांधली होती. आधी चाचणी झाली आणि मग कार्यक्रमाची भाषा.

हाताची तपासणी म्हणजे वरवर चाचपणे नव्हे. बाईला झोपवून हात डोक्यामागे घ्यायला लावायचा. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत, उभ्या पट्ट्यांत, प्रत्येक ठिकाणी हलका, मध्यम आणि खोल असा तीनदा दाब. मग काख आणि गळ्याच्या हाडामागची जागा. पाळी सुरू झाल्यापासून पाचवा ते दहावा दिवस चांगला. एका बाईला सहा-आठ मिनिटे लागतात. सिलिकॉनच्या नमुन्यात लपवलेल्या गाठी शोधून सिस्टरचा हात तयार होतो आणि तो दर काही महिन्यांनी पुन्हा तपासावा लागतो. आयुष्मान आरोग्य मंदिरात 30 वर्षांपुढच्या स्त्रियांची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी, असा केंद्राचा कार्यक्रम 2016 पासून कागदावर आहे. राष्ट्रीय सर्वेक्षण-5 मध्ये देशातल्या 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांत एकीचीही पुरती तपासणी झालेली नव्हती. गळती इथे आहे.

पुढची गळती गाठ सापडल्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा की, बाई पहिल्यांदा दाखवायला आल्यापासून 60 दिवसांत निदान पक्के व्हावे. ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, मग छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, असे टप्पे खात हे दिवस सहज निघून जातात. कारण तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी. 14 गेजच्या सुईने, जागा बधिर करून, चार-पाच तुकडे काढायचे. तुकड्यांच्या दसपट 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये तासाभराच्या आत टाकायचे. 6 ते 72 तास ठेवायचे. हे काम अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत होऊ शकते आणि उपजिल्हा रुग्णालयातला सर्जनही शिकू शकतो. तुकडा सलाइनमध्ये पाठवला किंवा फॉर्मेलिनमध्ये आठवडाभर पडू दिला, की ईआर-पीआरची, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते का हे पाहणारी, चाचणी खोटी निगेटिव्ह येते आणि टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी त्या बाईला मिळतच नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो मंजूर व्हायला बायोप्सीचा अहवाल लागतो. त्या अहवालापर्यंतचा खर्च मात्र अनेकदा घरच्यांच्या खिशातून जातो. निधी द्यायचाच असेल, तर तो इथे द्यावा: सुया, फॉर्मेलिन, नमुन्याची ने-आण, अहवालाची फी.

मग प्रकाश कुठे? पहिली जागा शस्त्रक्रियेची. कॅन्सर काखेत पोहोचला का, हे पाहायला पहिली रसग्रंथी शोधतात. त्यासाठी किरणोत्सर्गी टेक्नेशियम लागते, म्हणजे न्यूक्लिअर मेडिसिन विभाग आणि गॅमा प्रोब आला. त्याऐवजी इंडोसायनिन ग्रीन चालते. 25 मिलिग्रॅमची कुपी निर्जंतुक पाण्यात विरघळवून सहा तासांत वापरायची, स्तनाग्राजवळ थोडी टोचायची. 780-800 नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की 830 च्या आसपास ती चमकते आणि कॅमेऱ्यात रसवाहिनीची रेघ काखेकडे जाताना दिसते. चमक सेंटिमीटरभर खोलीतूनच येते, म्हणून जाड काखेत छेद घेतल्यावरच ग्रंथी दिसते. शस्त्रक्रियागृहाचे मोठे दिवे त्या वेळी बाजूला वळवावे लागतात. आयोडिनची ॲलर्जी आधी विचारायची. एवढ्याने संपूर्ण काख साफ करणे टळले, तर फरक मोठा आहे. पूर्ण काख काढलेल्या साधारण पाचांत एकीचा हात पुढे सुजतो, पहिल्याच ग्रंथीवर भागले तर विसांत एकीच्या आसपास. कापसाच्या वेचणीत बोंडाच्या नख्या टोचणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या बाईचा सुजलेला हात म्हणजे वारंवार जंतुसंसर्ग आणि बुडालेली मजुरी.

दुसरी जागा केमोची. आपल्याकडे गाठ मोठी होऊन आलेल्या बऱ्याच जणींना आधी केमो, मग ऑपरेशन असे उपचार असतात. औषध लागू पडतेय का, हे गाठीचा आकार उशिरा सांगतो, तिचे रक्त आणि पाणी आधी सांगतात. अमेरिकेत अनेक केंद्रांवर झालेल्या एका चाचणीचा 2016 मधला अहवाल आशादायक आहे. मात्र 60 स्त्रियांची नोंद झाली आणि निष्कर्षासाठी 34 जणींचीच मापे वापरता आली. तेव्हा हे संशोधन म्हणूनच करावे, थंड खोलीत, शिकलेल्या तंत्रज्ञाच्या हातून, आपल्या स्त्रियांच्या त्वचेवर आणि त्यांच्या रक्तक्षयासकट. गाठ कुठे आहे ते इथे आधीच माहीत असते. बाई दर तीन आठवड्यांनी येते आणि तिची तुलना तिच्याशीच होते. शिबिरातल्या निम्म्या अडचणी इथे उद्भवतच नाहीत.

हाताच्या तपासणीची फेरी बीड, धाराशिव, लातूर, परभणीच्या तांड्या-वस्त्यांवर एप्रिल ते सप्टेंबरमध्येच घ्यावी. दसऱ्यानंतर कोयता, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातो. जानेवारीच्या शिबिरात घर राखणाऱ्या म्हाताऱ्याच सापडतात, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुकडा घेतला तर अहवाल येईपर्यंत बाई फडावर असते. नोंदवहीत तिचा स्वतःचा किंवा तिने सांगितलेल्या नातेवाइकाचा फोन लिहावा. ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा लिहू नये. गाठ असलेल्या बाईला दिलेली उचल (आगाऊ रक्कम) तो आधी परत मागेल.